दिशाज्ञान : डावे-उजवे नेमके कोणाचे?



पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ५४ सेकंद. बुद्धिमत्ता चाचणीतला दिशेचा प्रश्न सोपा वाटतो, पण हातचा गुण तिथेच जातो. कारण प्रश्नात चालणाऱ्याचे डावे-उजवे आपण स्वतःच्या हातावर मोजतो.

लोकलचेच पाहा. दादरहून सीएसएमटीकडे जाणारी गाडी दक्षिणेला जाते. तोंड गाडीच्या दिशेला असेल, तर करी रोडला लालबाग डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला असते. परतताना तोंड उत्तरेला. आता तेच लालबाग उजव्या हाताला येते. लालबाग जागेवरच आहे, पूर्वही तीच आहे. बदलले ते फक्त आपले तोंड.

घरातही एक खूण आहे. मुंबईत किब्ला ढोबळमानाने पश्चिमेला. नमाजला उभे राहिले की समोर पश्चिम, उजवीकडे उत्तर, डावीकडे दक्षिण आणि पाठीमागे पूर्व. लहान भावंडांना दिशा शिकवायला एवढे पुरे.

आता उदाहरण घेऊ. एक मुलगी घरातून १० मीटर दक्षिणेला गेली, डावीकडे वळून १२ मीटर चालली, पुन्हा डावीकडे वळून ५ मीटर चालली. ती घरापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे?

आधी कागदाच्या कोपऱ्यात उत्तर वर धरून चार दिशा काढा. दक्षिणेला तोंड असताना डावीकडे पूर्व. पूर्वेला तोंड असताना डावीकडे उत्तर. म्हणून ती १० वजा ५, म्हणजे ५ मीटर दक्षिणेला आणि १२ मीटर पूर्वेला आहे. ५ चा वर्ग २५, १२ चा वर्ग १४४. बेरीज १६९, वर्गमूळ १३. उत्तर : १३ मीटर, आग्नेय.

शेवटची ओळ मात्र दोनदा वाचा. ‘मुलगी घराच्या कोणत्या दिशेला?’ असे विचारले तर आग्नेय. ‘घर मुलीच्या कोणत्या दिशेला?’ असे विचारले तर वायव्य. पर्यायांत बहुधा दोन्ही दिलेले असतात आणि घाईत चुकीच्या पर्यायावर खूण होते.

सरावासाठी : सूर्योदयानंतर थोड्याच वेळात उभ्या असलेल्या मुलाची सावली त्याच्या उजव्या हाताला पडते. त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे?

(उत्तर : सकाळी सावली पश्चिमेला पडते. पश्चिम उजवीकडे, म्हणून तोंड दक्षिणेला.)