काळ्या दगडाची साक्ष

दिंद्रुडच्या शिवारात विहिरीला काळा दगड लागला, की आपण आधी सुरुंगाचा खर्च मोजतो. जाते, पाटा-वरवंटा झाले ते याच जातीच्या दगडाचे. त्याच्या पोटात पृथ्वीचा एक हिशेब आहे, तो आज आम्ही वाचकांपुढे मांडतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा निवून हा दगड झाला. निवताना त्यातील लोहयुक्त कणांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा धरून ठेवली. ही दिशा विषुववृत्तावर आडवी असते, ध्रुवाकडे जावे तशी उभी होत जाते. म्हणून तिच्या कलावरून दगडाच्या जन्मस्थानाचा अक्षांश कळतो. १९५० च्या दशकात लंडनच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दख्खनचे दगड तपासले. आपली भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर होती! बीड आज उत्तरेस १९ अंशांवर आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरांवर प्रवास, वर्षाला सरासरी सात-आठ सेंटिमीटर.

जमीन सरकू लागली केव्हा? २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील ३२० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांतही अशीच चाल दाखवली, वर्षाला किमान अडीच सेंटिमीटर.

१९१२ साली आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असे मांडले, तेव्हा अनेक विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेले. पुढे दगडांनीच साक्ष दिली. कोण म्हणतो यापेक्षा पुरावा काय, हे आपल्या मुलामुलींना विचारायला शिकवा.