हलक्या फुंकरीचा लेस्टर
1934 मध्ये लेस्टर यंग फ्लेचर हेंडरसनच्या जॅझ वाद्यवृंदात कोलमन हॉकिन्सच्या जागी आला, तेव्हा सहवादकांची कुरकुर एकच: याचा टेनर सॅक्सोफोन हॉकिन्ससारखा भरदार वाजत नाही! काही महिन्यांतच गडी बाहेर. पण त्याने आपली फुंकर बदलली नाही. सूर हलका, कंप नावापुरता, चाल लयीच्या किंचित मागे रेंगाळणारी. 1936 मधलं त्याचं ‘लेडी बी गुड’ ऐका. एकही स्वर भरतीचा नाही. 1957 मध्ये, पार थकलेला असताना, गायिका बिली हॉलिडेच्या ‘फाइन अँड मेलो’त तो मोजकेच स्वर वाजवतो आणि बाकी सगळ्या वादकांना मागे टाकतो. स्टॅन गेट्झसारख्या धाकट्या सॅक्सोफोनवादकांनी पुढे हाच सूर उचलला. कालची खोड उद्याची शैली झाली.