उघडें दार कोणाचें?

इंग्लंडनें साम्राज्य केलें, अमेरिकेनें केवळ व्यापार केला, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांत दृढ आहे. छत्रपती संभाजीनगरांतील ज्या घरांतलीं मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं तिकडे गेलीं आहेत, तेथें तर तो श्रद्धेसारखा जपला जातो. त्या देशाच्या विद्येविषयीं व उद्योगशीलतेविषयीं आम्हांसही आदर आहे. परंतु आदरापोटीं इतिहास विसरावा, हें आम्हांस मान्य नाहीं.

१८९८ मध्यें स्पेनचा पराभव करून अमेरिकेनें पोर्तो रिको व ग्वाम घेतलीं आणि दोन कोटि डॉलर मोजून फिलिपाईन्स बेटें पदरांत पाडून घेतलीं. हवाई बेटेंही त्याच वर्षीं गिळंकृत झालीं. फिलिपिनो लोकांनीं या तहापूर्वींच आपलें स्वातंत्र्य पुकारलें होतें. पण विकणारानें वा घेणारानें त्यांस विचारलें नाहीं. पुढील वर्षीं त्यांना नव्या धन्याशीं युद्ध करावें लागलें. त्याच १८९९ सालीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनीं इतर सत्तांस पत्रें पाठवून मागणी केली कीं, चीनचें दार सर्वांच्या व्यापारास सारखेंच उघडें असावें. आणि स्वतःच्या घराचें दार? त्याला १८९७ च्या डिंग्ले कायद्यानें जबर जकातींचा अडसर घातलेला होता!

"पण अखेर फिलिपाईन्सला स्वातंत्र्य दिलें ना?" असें यावर विचारलें जातें. दिलें, कसें दिलें तें पाहावें. १९०९ च्या कायद्यानें अमेरिकन माल त्या बेटांत बिनजकात शिरूं लागला, आणि बेटांची साखर, प्रथम मर्यादेंत व पुढें मोकळेपणीं, अमेरिकेंत जाऊं लागली. एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून शेती करण्याची संवय त्या देशास जडली. मंदीच्या काळांत तीच साखर अमेरिकन शेतकऱ्यांस सलूं लागली. तेव्हां फिलिपाईन्सच्या स्वातंत्र्याचा कळवळा ज्यांना आला, त्यांत तेथील साखरवाले अग्रभागीं होते. कारण परका झालेल्या देशाच्या मालावर जकात बसवितां येते! १९४६ मध्यें स्वातंत्र्य आलें, तें बेल कायद्याची बेडी घेऊनच. पेसो डॉलरला जखडला गेला, आणि खाणी व जंगलें यांवर अमेरिकन नागरिकांस देशवासीयांच्या बरोबरीचा हक्क मिळावा म्हणून नव्या राष्ट्रास आपली घटना दुरुस्त करावी लागली. निशाण उतरलें, पण किल्ली जुन्या मालकाच्याच कमरेला राहिली.

दूरच्या बेटांची ही कथा आपल्यास कशाला, असें कोणी म्हणेल. त्यानें २०२५ चा ऑगस्ट आठवावा. अमेरिकेनें भारतीय मालावरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली. त्याच महिन्यांत आपल्या सरकारनें, कापडधंद्यास दिलासा म्हणून, परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातकर उठविला. पुढें ही सूट वर्षअखेरपर्यंत वाढविली. म्हणजे दार लावलें त्यांनीं, आणि उघडलें आम्हीं! येथें १८८९ मध्येंच कापडाची गिरणी उभी राहिली होती. गिरणीवाल्याची अडचण या शहरास कळत नाहीं असें नाहीं. पण त्याला मिळालेली स्वस्ताई कोणाच्या पदरची? पैठण-सिल्लोडकडील ज्या शेतकऱ्याची वेंचणी तोंडावर आली होती, त्याच्या पदरची. लांब धाग्याच्या कापसास क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव त्याच वर्षीं जाहीर झाला होता. एका हातानें भाव बांधून द्यावयाचा आणि दुसऱ्या हातानें तो पाडणाऱ्या मालास वाट करून द्यावयाची, ही कोणती नीति?

बळी तो कान पिळी, हा जगाचा न्यायच आहे. अमेरिकेनें आपला स्वार्थ पाहिला याचा विषाद आम्हांस नाहीं. विषाद आहे तो आपला कान आपणच पुढें केल्याचा. १८९८ मध्यें फिलिपिनो शेतकऱ्यास कोणी विचारलें नाहीं, कारण तेथें राज्य परक्यांचें होतें. मराठवाड्यांतील शेतकऱ्यासही कोणी विचारलें नाहीं. आणि येथें तर राज्य आपलेंच आहे.