गोकूच्या जगात मरण स्वस्त कसं झालं

'ड्रॅगन बॉल झी' या जपानी ॲनिमे मालिकेवरचा सर्वांत जुना आक्षेप पाल्हाळाचा. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटेल असं खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग चालतात. आक्षेप खरा आहे, पण तो वेळापत्रकावरचा आहे. अकिरा तोरियामा 'शोनेन जंप'मध्ये दर आठवड्याला नवं प्रकरण देत होते, तोएईची मालिका त्यांच्या मागोमाग धावत होती. मूळ कथेला गाठू नये म्हणून लढती ताणल्या गेल्या. २००९ साली आलेल्या 'काई' आवृत्तीने ही भर काढून खलनायक सेलच्या पर्वापर्यंतची कथा जवळपास निम्म्या भागांत बसवली. कथा वेगवान झाली, तिची मूळ दुखणी मात्र जागच्या जागी राहिली. शिवाय नायक गोकू आणि पिकोलो गाडी चालवायला शिकतात तो लाडका भाग याच भरीतला!

दुसरा आक्षेप असा, की ड्रॅगन बॉलमुळे मेलेला माणूस परत येतो, तेव्हा इथे जीव कशाला टांगणीला लागावा? हा मात्र मला मान्य नाही. सायान पर्व आठवा. चालून आलेल्या राडिट्झला मागून घट्ट धरून गोकू पिकोलोच्या माऱ्यात स्वतःही मरतो. त्याला परत आणता येतं, पण मित्रांना वर्षभर वाट पाहावी लागते, आणि तो पोहोचेपर्यंत यामचा, तेनशिनहान, चाओझू, पिकोलो गेलेले असतात. पिकोलोशी जीव जोडलेला, ड्रॅगन बॉलचा कर्ता कामीही त्याच्याबरोबर मरतो आणि कामीबरोबर पृथ्वीवरचे ड्रॅगन बॉलही संपतात. म्हणूनच तिथले ड्रॅगन बॉल मिळवायला सगळ्यांना नामेक गाठावा लागतो. इथे परत येण्याची किंमत मोजावी लागते आणि ती किंमतच कथेला पुढे ढकलते.

मालिका घसरते ती ही किंमत माफ होते तिथे. सेलच्या स्फोटातून पृथ्वी वाचवून गोकू मरतो आणि मला परत आणू नका, असं स्वतःच सांगतो. संकटं आपल्यामुळेच येतात, हे त्याला पटलेलं असतं. धुरा त्याच्या मुलाकडे, गोहानकडे जाते. काय ताकदीचा निर्णय होता हा! पण पुढच्या खलनायकाच्या, बूच्या पर्वात म्हातारा देव काइओशिन आपलं आयुष्य गोकूला देऊन टाकतो आणि हा निर्णय पुसला जातो. गोहान पुन्हा बापाच्या सावलीत.

गोकूच्या प्रतिस्पर्ध्याचं, व्हेजिटाचं दुःख मला अधिक सलतं. आपल्या मुलाला, ट्रंक्सला मिठी मारून, बेशुद्ध करून तो बूसमोर स्वतःला उडवून देतो. त्याआधी तो पिकोलोला विचारतो, परलोकात काकारोट, म्हणजे गोकू, भेटेल का? पिकोलो खोटा दिलासा देत नाही: तू निरपराधांना मारलंस, तुमच्या वाटा वेगळ्या. मालिकेतला हा सर्वांत प्रामाणिक संवाद. पण पुढे व्हेजिटा सदेह परत येतो, गोकूची भेटही होते. दुष्ट सोडून बाकीच्यांना जिवंत कर, या ड्रॅगनकडे मागितलेल्या इच्छेने त्याच्या डोक्यावरचं वलय नाहीसं होतं, तो वाईटांत गणला गेला नाही, असं समर्थक म्हणतील. तो क्षण सुंदर आहेच. पण पिकोलोने सांगितलेली शिक्षा त्याने एक दिवसही भोगली नाही.

याउलट सेलने पायाखाली चिरडलेला अँड्रॉइड १६. चिमुकल्या पक्ष्यांवर जीव असलेलं ते यंत्र जाता जाता गोहानला लढायला सांगतं. पुढे पृथ्वीवर सेलच्या हातून मेलेले बाकी सारे परत येतात. तो येत नाही. त्याच्या मरणाने उसळलेला गोहानचा तो संताप आजही अंगावर येतो तो त्यामुळेच.