पाणी पाजताय की बुडवताय?

गेल्या जूनमध्ये अम्मींनी गावाहून एक पुरचुंडी पाठवली. आत वाळलेल्या लाल मिरच्या होत्या, मोजून सात. परसातल्या त्यांच्या तिखटजाळ मिरचीचं हे शेवटचं बियाणं. गुडघ्यांमुळे अम्मींना आता वाफे करणं जमत नाही, आणि मिरचीचं बी फार वर्षं ठेवलं तर नीट उगवत नाही. म्हणजे ते आता आमच्या गॅलरीतच जगायचं होतं. आणि आम्ही तर कधी पुदिन्याची काडीसुद्धा लावलेली नव्हती!

पहिला धडा लगेच मिळाला. चार मिरच्या फोडून बी काढलं आणि त्याच हाताने डोळा चोळला. पुढचा अर्धा तास काय झालं ते विचारू नका. मिरचीचा खरा जाळ बियांत नसून बी ज्याला चिकटलेलं असतं त्या पांढऱ्या गाभ्यात असतो, हे तेव्हा कळलं. हातांना आधी तेल चोळून मग साबणाने धुवावं. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही.

नवव्या दिवशी कोंब दिसले. आनंदाच्या भरात आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिलो. त्यात पावसाळी दमट हवा. आठवड्याभरात एकेक रोप बुडाशी काळं पडून कोलमडलं. एकही उरलं नाही. अम्मींना फोन करायचा धीर होईना. शेवटी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अरे, पाणी पाजताय की बुडवताय? आधी मातीत बोट घालून बघा. बोट कोरडं निघालं तरच पाणी द्या.”

उरलेल्या तीन मिरच्यांचं बी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर पेरलं. या वेळी तळाला भोकं असलेल्या कुंड्या, दोन वाटे माती, एक वाटा कुजलेलं शेणखत आणि एक वाटा कोकोपीट. रोपं वीतभर झाल्यावर प्रत्येकाला बारा इंची कुंडी दिली आणि पाच-सहा तास ऊन लागेल अशा जागी ठेवली.

तरी हौस भागली नाही. बाजारातून युरिया आणून घातला. झाडं हिरवीगार, फूल मात्र नाही! नत्र जास्त झालं की मिरची पानंच काढते. खत थांबवलं, तशी फुलं आली. मग पानं वर वळून आकसू लागली. हा फुलकिड्यांचा चुरडा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारलं, दर आठवड्याला. पाचपैकी चार झाडं वाचली.

जानेवारीत पहिली मिरची तोडली. त्या दिवशीच्या सालनाने सगळ्यांच्या नाकातून पाणी काढलं, पण ताटात कुणी काही टाकलं नाही.

सर्वांत चांगल्या झाडावरच्या दहा मिरच्या मात्र लाल होऊ दिल्या. ज्यांना बी धरायचं असेल त्यांनी शेजारी ढोबळी किंवा दुसरी मिरची लावू नये. परागांची सरमिसळ होऊन पुढचा वाण बदलतो.

त्या दहांपैकी पाच आम्ही ठेवल्या. पाच पुरचुंडीत बांधून अम्मींकडे परत पाठवल्या. त्यांचा फोन आला. आधी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षी पाणी कमी घाला.”