रुमालाखालचा भाव

परवा दौंडहून भाच्याचा फोन आला. साहेबांनी लहान मुलांसाठी मराठी म्हणींचा खेळ बनवलाय, आयफोनवरचा. "मामा, दुकानात टाकायला वर्णन लिहून द्या ना, तुमचं मराठी चांगलं आहे." खुशामत कळते, पण आवडतेच! बसलो, दहा ओळी लिहिल्या. शेवटची ओळ अशी : 'हाच खेळ आमच्या वेबसाईटवर थोडा स्वस्त मिळेल. अ‍ॅन्ड्रॉइडवरही आहे.'

भाच्याने नेमकी तीच ओळ उडवली.

"असं लिहिलेलं चालत नाही, मामा."

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच चालत नाही."

मग मी ते नियम वाचले आणि डोकंच फिरलं. अ‍ॅपमध्ये किंवा त्याच्या वर्णनात दुसऱ्या मोबाईल प्रणालीचं नाव घ्यायचं नाही, असं अ‍ॅपलचं म्हणणं. आजचं नाही हे. २०१० मध्ये एका शब्दसंग्रहाच्या अ‍ॅपने 'गुगलच्या अ‍ॅन्ड्रॉइड स्पर्धेत अंतिम फेरीत' असं अभिमानाने लिहिलं होतं, तेही काढायला लावलं. बाहेर पैसे भरता येतात हे सांगायलाही, अमेरिकेतलं दुकान आणि काही अपवाद सोडले तर, बंदी. २०२० मध्ये फेसबुकला ग्राहकांना सांगायचं होतं की तुमच्या पैशातले ३० टक्के अ‍ॅपल घेणार. 'अनावश्यक माहिती' म्हणून तेही अडवलं! ज्याचे पैसे जाणार, त्यालाच ते कुठे जातात ही माहिती अनावश्यक?

आता कुणी म्हणेल, दुकान त्यांचं, नियम त्यांचे. थोडं मान्य. गुगल प्लेवर अ‍ॅपच्या नावात 'नंबर १' किंवा 'सर्वोत्तम' लिहू देत नाहीत. उत्तम नियम आहे, फुशारक्यांना आळा बसतो. पण खोटं बोलू नका हा नियम वेगळा आणि खरं बोलू नका हा वेगळा. पहिला गिऱ्हाइकासाठी असतो, दुसरा दलालीसाठी.

शिवाय भारतात आयफोनवर अ‍ॅप घ्यायचं तर दुकान एकच. एकच असेल तर ते दुकान राहत नाही, ते मार्केट यार्ड होतं. आणि यार्डाचे नियम आम्हा शिरूरकरांना कुणी शिकवायला नकोत. पूर्वी शेतमालाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबणार, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता बघणार. भाव किती ठरला हे त्यालाच कळायचं नाही! ही लपवाछपवी मोडायला बाजार समित्यांचे कायदे झाले, आधी मुंबई इलाख्यात १९३९ चा, मग महाराष्ट्राचा १९६३ चा. उघड लिलाव आले. आज शिरूरचा काय किंवा केडगावचा काय, कांदा घेऊन निघालेला माणूस पणन मंडळाच्या वेबसाईटवर लासलगावचा भाव बघतो आणि मगच गाडी कुठे न्यायची ते ठरवतो. बाजार समित्यांत सगळं आलबेल आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण 'पुण्यात भाव जास्त आहे' असं यार्डात उभं राहून बोललं म्हणून कुणाचा माल परत पाठवत नाहीत.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. आपल्या स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ ला गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला आणि विकसकांना ग्राहकांशी बोलण्यापासून अडवू नका, असं बजावलं. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅपलला १८० कोटी युरोंहून जास्त दंड लावला, तो संगीताची स्वस्त वर्गणी बाहेर मिळते हे सांगू न दिल्याबद्दलच. इकडे गुगलचा दंड अपिलात, मार्च २०२५ मध्ये, २१६.६९ कोटींवर आला. येऊ दे. माझा मुद्दा दंडाचा नाहीच, रुमालाचा आहे.

२०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी छोट्यांसाठी दलाली १५ टक्क्यांवर आणली. चांगलं केलं. दलाली घ्या हो, दुकान चालवायला खर्च येतो. पण उघड घ्या.

असो. भाच्याचा खेळ ती ओळ वगळून दुकानात गेला. बिचाऱ्याचा इलाज नाही. पण इथे दुकान माझं आहे, तेव्हा मंडळी, ऐका : तो खेळ त्याच्या वेबसाईटवर थोडा स्वस्त आहे. आणि अ‍ॅन्ड्रॉइडवरही आहे.

घ्या, लिहिलं!