“आई, आता बसून राहा” असे म्हणण्यापूर्वी

आपल्या घरांत दोन वाक्ये फार मायेने उच्चारली जातात. लहान मुलाला आपण म्हणतो, “धावू नकोस, पडशील.” साठी ओलांडलेल्या आईला म्हणतो, “पुष्कळ कष्ट केलेस, आता बसून राहा.” या दोन्ही वाक्यांनी शरीराची हानी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. स्मरणिकेत गुणवत्ता यादी, पदव्या आणि नोकऱ्या यांविषयी पुष्कळ लिहिले जाईल, व ते योग्यच आहे. मला मात्र वर्गाबाहेरच्या एका शिक्षणाविषयी लिहावयाचे आहे. शरीराने भोवतालचे जग जाणणे आणि त्या जाणिवेवर आपली हालचाल सावरणे, हे ते शिक्षण होय. ते पाळण्यात सुरू होते आणि हाती काठी आल्यावरही संपत नाही.

नुसते उभे राहणे हीसुद्धा साधी गोष्ट नाही. मेंदूला त्यासाठी तीन ठिकाणांहून सतत वार्ता लागते : डोळे, कानाच्या आत दडलेले तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय, सांधे व स्नायू. यांपैकी कोणत्या वार्तेवर किती विसंबायचे, हे वयोमानाप्रमाणे बदलत जाते. डेव्हिड ली आणि एरिक ॲरन्सन यांनी १९७४ साली एक मोठा बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बालकांना त्यांनी अशा खोलीत उभे केले, की जिच्या भिंती सरकत, पण जमीन मात्र स्थिर राही. भिंत सरकताच मुले डोलू लागली आणि कित्येक पडलीही. पायाखालची जमीन हललेली नव्हती. पण त्या वयात पायांपेक्षा डोळ्यांचा शब्द मोठा असतो.

नवजात बालकाला उभे धरले, की ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते, हे आपल्या आज्यांना पुस्तकांवाचून ठाऊक होते. पुढे दोनेक महिन्यांत ही हालचाल लोपते. मेंदूची वाढ होताना ती आपोआप दबते, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अशा बालकांना छातीपर्यंत पाण्यात धरले, तेव्हा तीच पावले पुन्हा दिसू लागली! पाय अंगाने भरले होते, आणि त्यांना उचलण्याइतके बळ अद्याप आलेले नव्हते, एवढेच. क्षमता हरपली असे जेव्हा आपल्याला वाटते, तेव्हा पुष्कळदा परिस्थिती तेवढी बदललेली असते. हा मुद्दा म्हाताऱ्या माणसांविषयी बोलताना फार उपयोगी पडतो.

चार ते सहा वर्षांच्या वयात मुलांचा तोल काही काळ मागे गेल्यासारखा दिसतो, कारण मेंदू तिन्ही वार्तांची नवी मांडणी करीत असतो. सात ते दहा वर्षांच्या सुमारास तो प्रौढांच्या जवळ येतो. मग किशोरवय येते, आणि वसतिगृहाचा खरा संबंध येथेच आहे. वर्षभरात हात-पाय झपाट्याने लांबतात, पण मेंदूतला शरीराचा नकाशा काही काळ जुनाच राहतो. भोजनगृहात ताट आपटते, पाण्याचा पेला कलंडतो, दाराची चौकट खांद्याला लागते. अशा मुलाला ‘वेंधळा’ म्हणून चारचौघांत हिणवणाऱ्या प्रत्येक अधीक्षकाने एवढे जाणून घ्यावे, की ते मूल नव्या शरीराशी ओळख करून घेत आहे. त्याला बोलण्यापेक्षा मैदानाची गरज अधिक आहे. आणि ते मैदान शक्यतो मातीचे, थोडे खाचखळग्यांचे असावे. फरशी घातलेले आवार दिसायला नीटनेटके असते, पण तळपायाला ते काहीही शिकवत नाही.

आता थोडे अवघड बोलतो. आपल्यातील अनेकांच्या आयांनी याच पुणे शहरातील इमारतींच्या बांधकामांवर घमेली वाहिली. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर वाळूचे घमेले, पायाखाली परांचीची हलती फळी, आणि मान ताठ. शरीराच्या नियंत्रणाचा याहून कठीण पाठ कोणत्याही व्यायामशाळेत नाही. तरीही ते काम गौरवण्याजोगे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या ओझ्याने गुडघे झिजले, मणके खचले. अशा जिण्यातून बाहेर पडा, शिका, हाच बाबासाहेबांचा आग्रह होता, आणि तो शिरोधार्य मानूनच आपण येथवर आलो. पण ओझे टाकताना आपण हालचालही टाकून दिली. अंगमेहनतीची सल एवढी खोल, की शिकलेल्या मुलाला आईने केर काढणेसुद्धा लाजिरवाणे वाटते. मग चाळीस वर्षे फळीवर तोल सांभाळलेली ती बाई दूरचित्रवाणीसमोरच्या खुर्चीत बसते, आणि दोन-तीन वर्षांत न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अडखळते. आपण म्हणतो, “वय झाले.” वयाचा वाटा त्यात आहेच, पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

वय नेमके काय करते? मराठीने चष्म्यालाच ‘चाळिशी’ असे नाव दिले, त्यात मोठे निरीक्षण आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अक्षर धूसर दिसते. पुढे बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. तळपायांची संवेदना मंदावते. कानातील तोलाच्या इंद्रियातल्या सूक्ष्म पेशी कमी होतात. पाय घसरताच झटकन सावरणारे स्नायूंचे चपळ तंतू सर्वांत आधी क्षीण होतात.

कार्ले-भाजे लेण्यांच्या सहलीत हे सारे एकाच दिवशी पाहावयास मिळते. मुले पायऱ्या न पाहताच चढतात. त्यांचे वडील पायऱ्यांकडे पाहत, पण गप्पा मारीत चढतात. आजी बोलणे थांबवते. हे थांबणे अर्थपूर्ण आहे. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले, की चालताना कोणी बोलू लागल्यावर ज्या वृद्धांना थांबावे लागते, ते पुढील सहा महिन्यांत पडण्याचा संभव अधिक असतो. तरुणपणी चाल आपोआप चालते. उतारवयात तिला लक्ष पुरवावे लागते, म्हणून बोलायला लक्ष उरत नाही. पुढे उन्हातून चैत्यगृहाच्या अंधारात शिरताच आजी दाराशी खिळते. मागून कोणी म्हणते, “चला ना, पुढे चला.” तिच्या डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो आहे, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानी येत नाही. परतीच्या वाटेवर दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग, जो वाचनासाठी असतो, पायरीची कड पुसट करून टाकतो. चढण्याहून उतरणे कठीण, ते यामुळेही.

हे सारे अटळ आहे, मग करायचे काय, असा प्रश्न येईल. पुण्यातच त्याचे एक ठळक उत्तर होऊन गेले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, योग शिकवण्यासाठी पुण्यात आले. बालपण आजारांनी पोखरलेले होते. १९७५ मध्ये त्यांनी येथे रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी केली, आणि २०१४ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नव्वदीनंतरही त्यांचा सराव सुटला नव्हता. मला त्यांच्या कठीण आसनांपेक्षा त्यांच्या साधनांचे मोल अधिक वाटते. दोरी, भिंत, लाकडी ठोकळा, पट्टा, साधी खुर्ची. वय वाढले म्हणून आसन सोडायचे नाही, त्याला आधार द्यायचा. तोच थेलेन यांच्या पाण्याचा न्याय!

असे योगी लाखांत एक, आपल्या माणसांना एवढी सवड कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण भिंत आणि खुर्ची प्रत्येक घरात असते. कॉक्रेन संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार घरी राहणाऱ्या, साठीपुढील माणसांचे पडण्याचे प्रमाण व्यायामाने सुमारे २३ टक्क्यांनी घटते. यात तोलाचे व्यायाम विशेष गुणकारी ठरले. विहारात आपण जमिनीवर बसतो व उठतो, तोही एक व्यायामच आहे. हल्ली पन्नाशीतली धडधाकट मंडळीही मागच्या खुर्च्यांकडे वळतात, ते मला खटकते. ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांनी अवश्य खुर्ची घ्यावी. चंक्रमणाचेही असेच आहे. सावकाश चालणे सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यात एका पायावरचा काळ लांबतो, आणि तोलाची कसोटी लागते.

काठीविषयी आपल्याकडे उगाच संकोच आहे. स्थिर आधाराला बोटांचा हलकासा स्पर्श झाला तरी शरीराचे डोलणे कमी होते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. काठी भार पेलतेच, शिवाय जमिनीची वार्ता हातापर्यंत आणते. मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी ग्रासलेल्या बाबासाहेबांच्या हाती अखेरच्या वर्षांत काठी होती, आणि ती छायाचित्रे आपण घरोघरी लावतो. मग वडिलांनी काठी घेतली तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न कशासाठी?

शहराचाही यात दोष आहे. चौकातील सिग्नलचा हिशेब साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून केला जातो. बारा मीटरचा रस्ता त्याला दहा सेकंद पुरे. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना पंधरा लागतात. उरलेली पाच सेकंदे ते वाहनांच्या दयेवर असतात.

शाळेपुरते तरी आपल्या हाती पुष्कळ आहे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून नवी कमान उभारण्याआधी सर्व जिन्यांना दोन्ही बाजूंनी कठडे बसवावेत, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढावा, शौचालयाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा. मैदानाची माती राहू द्यावी. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरचा अभ्यास द्यावा : आजी-आजोबांबरोबर रोज दहा वेळा हात न टेकता खुर्चीतून उठणे, आणि ओटा धरून टाचा उचलणे. ज्यांना चक्कर येते किंवा जे नुकतेच पडले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि आजी भाजी आणायला निघाली, तर तिच्या हातातली पिशवी काढून घेऊ नये. चपला घालाव्यात आणि तिच्या चालीने तिच्यासोबत मंडईपर्यंत जावे.